उजेडाचं पाणी, लाकडाचं गाव

चैत्र संपत आला की कोल्हापूरच्या रस्त्यावर पुठ्ठ्याची गावं फिरायला लागतात. आर्किटेक्चर कॉलेजच्या पोरांचं सबमिशन असतं. दुचाकीवर पुढं पोरगा, मागं पोरगी आणि पोरीच्या मांडीवर एखादं म्युझियम नाहीतर बसस्टँड. वर ओढणी घातलेली, तान्ह्या पोराला घालावी तशी. जोतिबाची यात्रा होऊन गेलेली असते, तरी गाड्यांच्या सीटच्या शिवणीत गुलाल शिल्लक असतो. दुपारी डांबर मऊ पडतं, आणि त्या डांबरावरनं ही पोरं कुठल्या तरी दुकानात राहिलेलं एखादं झाड, एखादं माणूस, एखादी खेळण्यातली मोटार आणायला पळत असतात.

मी चौकात थांबतो. गाडी सिग्नलला थांबली की मान वाकडी करून ओढणीखाली बघतो. इमारत बघत नाही, कडा बघतो. कडा तपकिरी, जळक्या असल्या की ते लेझरनं कापलेलं. पांढऱ्या आणि जराशा दातऱ्या असल्या की हातानं. आता सगळ्या तपकिरीच असतात. गाडी निघून जाते आणि माझ्या छातीत काहीतरी आखडून बसतं. लोक त्याला हेवा म्हणतात, आमची बायको पोटदुखी म्हणते. मी जळतो. एवढं सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला शोधत बसायला नको.

मी चौथी शिकलो. पाचवीत नाव होतं, बूड टेकलं नाही. उद्यमनगरात एका पॅटर्नच्या शॉपमध्ये लागलो. पॅटर्न म्हणजे लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उमटवायचा तो लाकडाचा नमुना. पंपाची बॉडी असो, उसाच्या चरकाचं चाक असो, आधी ते आमच्या हातात लाकडाचं असायचं, मग भट्टीत जायचं. भट्टीवाले घामाघूम होऊन मोठ्या रुबाबात फिरायचे, पण त्यांच्याआधी आम्ही. हा ताठा त्या वयात अंगात भिनला तो गेला नाही, मीही जाऊ दिला नाही.

पॅटर्नवाल्याची पट्टी वेगळी असते. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना मुळात जरा मोठा करायचा. दर वेळी किती मोठा त्याचा हिशोब कोण करणार, म्हणून पट्टीच मोठी केलेली असते. तिच्यावर इंच म्हणून जे कोरलेलं असतं ते खऱ्या इंचापेक्षा केसभर जास्त भरतं. तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात. शॉपमधल्या वस्तादांनी मला दिलेली पट्टी स्टीलची होती, आणि अजून आहे. बिल्डिंगची मॉडेलं करायला लागलो तेव्हाही मी तीच वापरली. साधी पट्टी धरून केलेली वस्तू मला कंजूष वाटते. गोष्ट जगात येताना जरा ऐसपैस यावी, आकसायचं ते नंतर आहेच.

मॉडेलांकडं मला वळवलं मगदूम साहेबांनी. साहेब आर्किटेक्ट. तेव्हा तरुण होते, नवीन ऑफिस टाकलेलं. शॉपमध्ये आले, भुशात बूट बुडवून उभे राहिले आणि म्हणाले, "मेस्त्री, बंगला करता येईल का?"

"लोखंडाचा?"

"लाकडाचा. एवढा." त्यांनी दोन्ही हातांनी भाकरीएवढं माप दाखवलं.

तो बंगला केला, मग दुसरा, मग मंगल कार्यालय, दूध संघाची इमारत, आणि हळूहळू पॅटर्नचं काम सुटलं. घराच्या गॅलरीतच माझं दुकान झालं. अंघोळीच्या स्पंजला हिरवा रंग देऊन झाडं करायची, वाळक्या गवताचे तुरे कापून माड करायचे. उन्हाळ्यात साहेबांची कामं जास्त यायची, आणि त्याच दिवसांत गल्लीतल्या बायका चटणीच्या मिरच्या वाळत घालायच्या. कोपऱ्यावर मिरची कुटायचा डंक धडधडायला लागला की आख्खी गल्ली शिंकायची. बारीक कठडा चिकटवताना शिंक आवरून धरायची म्हणजे काय, ते ज्यानं धरली त्यालाच ठाऊक. डोळ्यांतनं पाणी, हातात चिमटा, चिमट्यात काडी. अजूनही मिरचीचा खकाणा नाकात गेला की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप जुळतात.

मॉडेल पोचवायला मी स्वतः जायचो. टेबलावर ठेवलं की साहेब चष्मा कपाळावर सरकवायचे, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकायचे आणि एक डोळा मिटून दुसरा त्या इवल्याशा दाराला लावायचे. आत शिरायचे म्हणा की. त्या वेळी मी त्यांच्याकडं बघायचो नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभा राहायचो आणि कान मागं ठेवायचो. साहेबांनी श्वास आत घेतला की जमलं. नुसतं "हं" केलं की पिशवीतनं पटाशी काढायची. एका माणसाचा एक डोळा आणि एक श्वास, यावर माझी इतकी वर्षं गेली, आणि ते कधी कमी पडलं नाही.

ज्या सीझनचं मला सांगायचं आहे त्याच्या आधीच्या हिवाळ्यात सन्मती परत आली. सन्मती साहेबांची मुलगी. लहान असताना माझ्या गॅलरीत बसून उरलेल्या तुकड्यांची घरं मांडायची आणि मीच ती लाथेनं पाडली म्हणून रडायची. मला मामा म्हणते. ती बापाचीच विद्या शिकली, बाहेरगावी नोकरी केली आणि ऑफिस सांभाळायला आली. आल्या आल्या ड्रॉइंगचे कलते बोर्ड माळ्यावर गेले. साहेबांच्या टेबलावर मोठा पडदा आला.

एकदा मी एका दवाखान्याचं मॉडेल घेऊन गेलो. दार ढकललं तर साहेब वाकलेले, चष्मा कपाळावर. समोर पडद्यात एक घर होतं, आणि सन्मती बोटानं त्यांना त्या घरातनं फिरवत होती. दारातनं आत, सोप्यातनं स्वयंपाकघरात, जिन्यानं वर, गच्चीवर. गच्चीवर गेल्यावर तिनं काहीतरी दाबलं आणि तिथं संध्याकाळ झाली. खरी संध्याकाळ. भिंती तांबूस झाल्या, सावल्या लांबल्या, आणि एकेका खिडकीत दिवा लागला.

साहेबांनी श्वास आत घेतला.

मी दारात मॉडेल धरून उभा होतो. तो श्वास माझा होता. दुसऱ्याच्या ताटातलं कोणी उचललं तर लोक त्याला बोलतात, पण हे कुणाला बोलायचं आणि काय बोलायचं. मी दवाखाना टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. साहेब म्हणाले, "वा, मेस्त्री." उभ्याउभ्याच म्हणाले.

घरी येताना मला एकच गोष्ट डाचत होती. इतकी वर्षं मी दारं केली, जिने केले, कठडे केले, पण माझ्या कुठल्याच मॉडेलात कधी संध्याकाळ झाली नाही. तिथं कायम एकच वेळ. टेबलावरच्या ट्यूबलाइटची. सन्मतीच्या हातात लाकूड नव्हतं, पण वेळ होती. वेळेसाठी पटाशी कुठली वापरतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग उन्हाळा आला, आणि एका दुपारी सन्मती घरी आली. बायको उंबऱ्यात मिरच्यांची देठं काढत बसली होती. सन्मती तिच्याजवळच खाली बसली आणि देठं काढायला लागली.

"मामा, एक गाव करायचंय. सगळं. लाकडात."

"का? तुझं पिच्चर बिघडलं व्हय?"

"बिघडलं नाही. चांगलं चाललं. म्हणून तर आले."

गाव नदीकाठचं होतं, नृसिंहवाडीच्या अलीकडं. दर काही पावसाळ्यांनी नदी त्या गावात शिरते आणि गाव उठून परगावच्या शाळांत जाऊन झोपतं. गावातच उंचवट्यावर मोठा हॉल बांधायचा, पूर आला की माणसं आणि जनावरं तिथंच थांबतील, एरवी लग्नंकार्यं होतील, असं चाललं होतं. ड्रॉइंग साहेबांच्या ऑफिसचं. सन्मतीनं पडद्यावर सगळं रंगवून गावाला एकदा दाखवलं होतं.

"सगळे छान छान म्हणाले आणि चहा प्यायला गेले," ती म्हणाली. "कुणी भांडलंच नाही मामा. जोतं किती उचलायचं, जिना कुठल्या गल्लीकडं सोडायचा, कुणी तोंड उघडलं नाही. पडद्यापुढं माणूस गप्प बसतो. टेबलावर वस्तू ठेवली की तो हात घालतो. मला भांडणारी माणसं पाहिजेत."

"मग ह्यांनाच घिऊन जा की," बायको म्हणाली. "मॉडेल कशाला."

सन्मती हसली, मी हसलो नाही. मग तिनं खरी गोष्ट सांगितली. मी लाकडाचं गाव करायचं, घरं, गल्ल्या, देऊळ, नदीचं पात्र, नवा हॉल, सगळं. त्याच्यावर छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर. कौलांचा तांबडा, शेताचा हिरवा, पत्र्याचा चकचकीत, सगळे रंग वरनं उजेडानं पडणार. आणि मग नदी चढणार. गल्लीगल्लीतनं वर येणार, गेल्या पुरात आली होती तशी.

"तुम्ही गाव करा, पाणी मी आणते. फक्त रंग देऊ नका मामा. पॉलिशही नको. कोरं लाकूड पाहिजे, नाहीतर उजेड चकाकतो."

पॉलिश न करता माल बाहेर काढायचा म्हणजे पोरगं नागडं शाळेत धाडायचं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, शाळेत गेल्यावर कपडे मी घालते. मी व्हय म्हणालो. मोठ्या मनानं नाही. मी न्हाय म्हटलं असतं तर ती दुसऱ्या कुणाकडं गेली असती, आणि माझ्या जागी दुसऱ्याच्या हातचं लाकूड तिच्या उजेडाखाली बसलेलं मला सोसलं नसतं.

गाव बघायला तिच्याबरोबर गेलो. मी म्हटलं, मी चालत बघणार. ती म्हणाली, बघा. मी गल्ल्या पायाखाली घातल्या, कुत्री अंगावर आली, एका म्हातारीनं ताक दिलं. सन्मतीनं देवळापुढं उभं राहून भुंग्यासारखा आवाज करणारा ड्रोन वर सोडला आणि माझा एक फेरा होईतो गाव गोळा करून खाली घेतला. मला मनातनं वाटत होतं, वरनं काय दिसणार, छपरंच. पण संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा त्यात परसातली तुळस होती, वाळत घातलेली गोधडी होती, कुठल्या कौलांच्या रांगेत मोकळी जागा आहे ते होतं. मी ताक पितानाचा मीसुद्धा होतो. वरनं माझं टक्कल बशीएवढं दिसत होतं.

तो सगळा उन्हाळा गॅलरीत देवदारच्या भुशाचा वास होता. देवदार हलकं, सरळ रेषेचं, पॅटर्नसाठी वापरायचो तेच. कौलारू घरं वेगळी, पत्र्याची वेगळी, स्लॅबची वेगळी. करून झालेली घरं बायकोच्या परातीत ठेवायचो, आणि तिला परात लागली की ती गाव सुपात ओतायची. दुपारी पन्हाळ्याच्या बाजूनं वळवाचे ढग चढायचे, गॅलरीत अंधारून यायचं, हात थांबायचा. मग ढग न पडता निघून जायचे आणि उकाडा दुप्पट व्हायचा. मी एकेक छप्पर पॉलिशपेपरनं घासत बसायचो, गालासारखं मऊ होईपर्यंत. घासता घासता मनात यायचं, या कौलावर ती लाल उजेड टाकणार. न घासता. न शिंकता. गुळगुळीत मी करायचं आणि लाल केलं ते तिनं, असं लोक म्हणणार. घास घास घासायचो आणि पुन्हा तेच मनात यायचं.

गावाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ऑफिसात जुळवून बघायचं ठरलं. खिडक्यांना पडदे, टेबलावर माझं गाव, वर तिचा दिवा. तिनं देवळाचा कळस धरून उजेड जुळवला आणि सोडला.

देवळापाशी सगळं बरोबर होतं. तिथनं जसजसं लांब जावं तसतसं बिघडत गेलं. कौलांचा तांबडा रस्त्यावर सांडला, रस्त्याचा करडा परसात गेला, आणि पार टोकाला नदी आपली गल्ली सोडून शेजारच्या गल्लीत शिरली. नवा हॉल अंधारात उभा आणि त्याचा उजेड शेजारी मोकळ्या जागेवर पडलेला.

साहेब म्हणाले, "मेस्त्री, हे काय झालं?"

"तुमचं तुम्हाला म्हाईत. लाकूड हाललेलं न्हाय."

सन्मतीनं ऑफिसची पट्टी घेऊन इकडं तिकडं मोजलं. मग म्हणाली, "मामा, चुकलेलं काही नाही. सगळंच सारखं मोठं आहे. तुमची पट्टी बघू."

मी खिशातनं काढून दिली. तिनं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, एक टोक जुळवलं आणि दुसऱ्या टोकाकडं बघत राहिली. साहेबही बघत राहिले. इतक्या वर्षांत माझ्या मॉडेलावर परत कागद ठेवून बघायची वेळ कुणावर आली नव्हती.

"ही पट्टी लांब आहे मामा."

"पट्टी बरोबर हाय. तुझा उजेड आखूड हाय."

साहेब खुर्चीत बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "उद्या गावात जायचंय मेस्त्री. नाही बसत तर राहू दे. पडद्यावरच दाखवू."

राहू दे. आख्खा उन्हाळा परातीतनं सुपात आणि सुपातनं परातीत केलेलं गाव गाडीत चढणारच नव्हतं. आणि गाव चढलं नसतं तर मीही त्या ऑफिसच्या पायऱ्या पुन्हा चढलो नसतो, हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. मी पट्टी परत मागितली. मनात, खरं सांगतो, मला असंही वाटत होतं की न बसू दे. माझं राहू दे, पण तिचंही मोडू दे.

"थांबा पप्पा," सन्मती म्हणाली. ती लॅपटॉपपुढं बसली. चादर चार कोपऱ्यांना धरून ताणावी तसा तिनं उजेड ताणला. एक कोपरा, दुसरा कोपरा. तांबडा उजेड रस्त्यावरनं सरकत कौलावर चढला. हॉल उजळला. नदी शेजारच्या गल्लीतनं मागं हटली आणि आपल्या गल्लीत शिरली. टेबलावर ठेवलेला चहा गार व्हायच्या आत हे झालं.

"बसलं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पण हीच पट्टी का?"

"हीच."

"बरं."

तिनं भांडायला पाहिजे होतं. तिनं मला चुकीचा ठरवलं असतं तर मी उन्हाळाभर साठवलेलं सगळं बाहेर काढलं असतं. पण ती बरं म्हणाली आणि चहा प्यायली. माझं लाकूड केसभर मोठं झालं की ते जन्मभर मोठं राहतं. तिचा उजेड ओढला तरी त्याच्यावर वळ उठत नाही. माझं गाव टेबलावर राहणार हे कळून जीव खाली बसला, आणि ते तिच्या बोटानं राहिलं हे कळून तोच जीव पुन्हा वर आला. दोन्ही एकदमच झालं. मी त्या दिवशी चहा घेतला नाही.

तो हॉल आता गावात उभा आहे. मी बघायला गेलो नाही. खऱ्या इमारतीचा मला कधी हेवा वाटला नाही. गवंड्याच्या हातची इमारत माझ्या मॉडेलाएवढी नीट कधीच होत नाही. सन्मतीची कामं मी अजून करतो, तिच्या उजेडासाठी कोरं लाकूड ठेवून, माझ्याच पट्टीनं. ती काही न बोलता कोपरे ताणते. यंदाचं गाव परातीत आहे आणि डंक धडधडतोय. पण तिच्याकडनं काम आलं की पहिल्यांदा जळतो, मग करवत शोधतो. आणि दर वेळी मला त्या बैठकीची, शाळेतली दुपार आठवते.

गावातल्या शाळेचा वर्ग होता. अंधार पाहिजे म्हणून खिडक्यांना पोती आणि सतरंज्या लावलेल्या. आत माणसं दाटीनं, घामाचा आणि पोत्याचा वास, पत्र्यावर ऊन तडतडत होतं. सन्मतीनं दिवा सोडला आणि माझं कोरं गाव रंगीत झालं. वर्ग एकदम गप्प झाला. पडद्यापुढं होतो तसाच. मी भिंतीला टेकून उभा होतो, मनात म्हटलं, झालं, छान म्हणतील आणि चहाला जातील.

मग कुणीतरी म्हणालं, "आरं, ही आपली गल्ली."

एकानं आपल्या घरावर बोट ठेवलं. दुसऱ्यानं ठेवलं. टेबलाभोवती डोकी वाकली. एक मिशीवाला माझ्याकडं वळून म्हणाला, "पावणं, ह्ये प्लास्टिकचं हाय न्हवं?" मी खिडकीवरच्या पोत्याकडं तोंड फिरवलं.

सन्मतीनं नदी चढवायला घेतली. निळा उजेड पात्रातनं उठला, घाटाच्या पायऱ्या गिळल्या, खालच्या गल्लीत शिरला.

"पोरी, तुझं पाणी खोटं हाय," मिशीवाला म्हणाला. "आमच्या उंबऱ्याला तवा पाणी लागलंच न्हाई."

"न्हाई लागलं?" पलीकडचा म्हणाला. "मग तुझी म्हस माझ्या माडीवर काय देवदर्शनाला आलती?"

हसू फुटलं आणि त्याच्यामागं भांडण सुटलं. जिना वरच्या गल्लीकडं आहे, खालच्या गल्लीतनं म्हातारी माणसं वर कशी यायची, असा एका बाईचा आवाज चढला. जोतं अजून उचला, नको, मग जनावरं चढणार न्हाईत. एका गड्यानं तळहात आडवा लावून गल्लीच्या तोंडाशी बांध घातला, आणि निळं पाणी त्याच्या हातावर चढून पलीकडं गेलं. त्यानं हात काढून घेतला आणि धोतराला पुसला. सन्मती एका टोकाला उभी राहून प्रत्येकाचं लिहून घेत होती. तिला पाहिजे होती तशी माणसं तिला मिळाली होती. शेवटी जिना खालच्या गल्लीकडं फिरवायचा ठरला.

एवढा वेळ एकानंही छपरावरनं हात फिरवला नाही. गालासारखी मऊ केलेली कौलं कुणी बघितली नाहीत. बोटं ठेवली ती घर दाखवायला, आणि डोळे होते पाण्यावर. तिनं पाणी थांबवलं की सगळे थांबायचे, चढवलं की मान वर करायचे. साहेबांचा एक श्वास गेला म्हणून मी जळत होतो, इथं वर्गभर माणसं श्वास धरून होती आणि त्यातला एकही माझा नव्हता.

दिवा बंद झाला. पोती निघाली, ऊन आत आलं, माणसं व्हरांड्यात चहाला गेली, साहेब त्यांच्याबरोबर. टेबलावर माझं गाव पुन्हा कोरं झालं. सन्मती पाठमोरी होऊन वायर गुंडाळत होती.

एक बाई मागं राहिली. तिला सगळे बाळाक्का म्हणत होते. भांडणात ती एक शब्द बोलली नव्हती. ती टेबलाशी आली, खालच्या गल्लीतल्या एका कौलारू घराशी वाकली आणि पदराचं टोक घेऊन तिनं त्या घराचं छप्पर पुसलं. पुढनं पुसलं, मागनं पुसलं. मग शेजारचं घर पुसलं. मग पदर बोटांत चोळून बघितला, ओला झाला का ते.

माझ्याकडं लक्ष गेलं तशी ती लाजली. "येडी झाले बगा. कोरडंच हाय." आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "कुणी केलं हो ह्ये, पावणं?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. बंगले, दवाखाने, मंगल कार्यालयं, कुणीच नाही. ती कशाबद्दल विचारतेय ते मला कळेना.

"काय?" मी म्हणालो. "घर का पाणी?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मला काहीच समजत नाही. "आमचं घर बुडलं त्ये. त्यात येगळं येगळं काय असतंय?"

तिनं पदर खांद्यावर घेतला आणि ती बाहेर गेली.

सन्मतीनं वायरीची गुंडाळी पिशवीत ठेवली आणि मागं वळली. "काय म्हणत होत्या मामा त्या?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "तुला चहाला बोलवत होती."

ती चहाला गेली. मी मॉडेलापाशी थांबलो.